कपाळावरचा पट्टा आणि त्याची जबाबदारी

"हा पट्टा कपाळाला बांधला, तर माझ्या मनात काय चालले आहे ते त्याला कळते काय?" मेंदूच्या आरोग्यासाठी म्हणून बाजारात आलेल्या उपकरणांविषयी बोलणे निघाले, की सामान्य माणूस बहुधा हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतो, आणि तो विचारण्यात त्याचे काही चुकत नाही, कारण झोपेची प्रत, चित्ताची एकाग्रता, मनावरचा ताण, स्मरणशक्तीचा ऱ्हास यांचे मोजमाप करून देण्याचे आश्वासन देणारे पट्टे, टोप्या आणि इयरबड आज कोणालाही घरबसल्या मागवता येतात, त्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आणि त्यांच्या जाहिरातींची भाषा अशी असते की मनाचा अंतर्भाग यंत्रासमोर उघडा पडला आहे असा वाचणाऱ्याचा सहज समज व्हावा.

त्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर "नाही" असे आहे. परंतु एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही, कारण त्याच्यामागे दुसरे दोन प्रश्न उभे आहेत: यंत्राने माझ्या मेंदूविषयी जे सांगितले ते खरे कशावरून, आणि ज्याच्या हाती ते गेले तो ते आणखी कोणाला सांगणार? डॉक्टर रोग्याविषयी काही बोलतात तेव्हा या दोन्ही प्रश्नांना ते बांधलेले असतात. बोलणे शास्त्राला धरून असावे आणि रोग्याचे गुपित बाहेर जाऊ नये, ही दोन बंधने त्यांच्या व्यवसायाबरोबरच येतात. तेव्हा माणसाच्या मेंदूविषयी विधान करण्याचा अधिकार जो कोणी आपल्याकडे घेतो, त्याने पुरावा आणि गुप्तता ही दोन्ही बंधने पत्करलीच पाहिजेत, मग तो स्वतःला वैद्य म्हणवो की व्यापारी, हे या प्रकरणाचे मुख्य म्हणणे आहे. ते पटण्यासाठी प्रथम पट्टा मोजतो काय, हे समजून घेतले पाहिजे.

१. पट्टा काय मोजतो?

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली जिवंत माणसाच्या मेंदूतील विद्युत्स्पंदने प्रथम नोंदवली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. आज ईईजी या नावाने ओळखला जाणारा आलेख तो हाच. मेंदूतील पेशी एकमेकींना विद्युत्-रासायनिक संदेश देत असतात. त्यांतील लक्षावधी पेशी एकाच तालावर काम करू लागल्या, की त्यांच्या विद्युद्दाबाची बेरीज कवटीचे हाड ओलांडून त्वचेपर्यंत पोहोचते, आणि तेथे ठेवलेली धातूची चकती ती टिपते. हा दाब साधारणपणे १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांशाच्या हिशेबात मोजावा लागतो. रिमोटमध्ये घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलशी ताडून पाहिले, तर ५० मायक्रोव्होल्टचा दाब तीस हजार पटींनी लहान ठरतो.

या बेरजेतून काय कळू शकते आणि काय कळू शकत नाही? मोठ्या वाड्याच्या भिंतीबाहेर आपण उभे आहोत आणि आत पंगत चालली आहे, अशी कल्पना करावी. गलका ऐकून पंगत रंगात आहे, की उठली आहे, की घरातील मंडळी झोपी गेली आहेत, एवढे बिनचूक सांगता येते. क्वचित आत भांडण पेटले असेल तर तेही ओळखू येते. परंतु कोणी कोणाला काय म्हटले, कोणी जिलबी मागितली आणि कोणी नाकारली, हे भिंतीबाहेरून उमगत नाही. ईईजीचे तसेच आहे. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या लहरी ठळक होतात, गाढ झोपेत त्या फार संथ होतात, आणि अपस्माराच्या झटक्यात आलेखाचे रूपच पालटते. एखादा विशिष्ट विचार मात्र त्यात वाचता येत नाही.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. रुग्णालयात डोक्यावर बहुधा एकोणीस-वीस किंवा अधिक ठिकाणी चकत्या लावून, प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली ही नोंद होते. ग्राहकाच्या पट्ट्यात त्या चार-पाचच असतात, आणि पापणी लवली, दात आवळले, मान वळली, तरी स्नायूंपासून निघणारे विद्युत्संकेत मेंदूच्या संकेतांना झाकून टाकतात. म्हणजे आधीच क्षीण असलेली माहिती येथे आणखी गढूळ होऊन येते.

२. अनुमान कसे निघते?

या गढूळ आलेखातून "तुमची एकाग्रता ६२ टक्के" असा नेटका आकडा येतो कोठून? येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश होतो. हजारो माणसांचे आलेख संगणकाला पुरवून, यांपैकी अमुक माणसे गणिते सोडवत होती, अमुक पेंगत होती, अमुक चिंताग्रस्त होती, असे प्रत्येकासमोर लिहून दिले, की संगणक त्या नोंदींतील साम्ये शोधतो आणि नवा आलेख समोर येताच तो कोणत्या गटाशी जुळतो हे सांगतो. अर्थात आपल्या मोबाइलवर दिसणारा आकडा हे तापमापीसारखे मोजमाप नसून अनुमान असते, आणि ज्या माणसांच्या नोंदींवर संगणक शिकला त्यांचे वय, आजार, औषधे आणि जीवनक्रम आपल्याशी जितके मिळतेजुळते, तितकेच ते विश्वासार्ह असते. परदेशातील तरुण विद्यार्थ्यांच्या आलेखांवर शिकलेल्या यंत्राने सत्तर वर्षांच्या, अपस्मारावरील गोळ्या घेणाऱ्या सांगलीच्या आजींविषयी दिलेला निर्वाळा कितपत मानावा, याचे उत्तर खोक्यावर छापलेले नसते.

या अनुमानाचे दुसरे लक्षण अधिक गंभीर आहे. नोंद एकदाच होते, परंतु तिच्यातून अनुमाने कितीही वेळा काढता येतात. आज झोप मोजण्यासाठी साठवलेला आलेख पाच वर्षांनी अधिक चतुर संगणकापुढे ठेवला, तर त्यातून आज कोणाच्या ध्यानीमनीही नसलेल्या एखाद्या विकाराची पूर्वचिन्हे निघू शकतील. ग्राहकाने संमती दिली ती झोपेसाठी. पुढच्या अनुमानाचे त्या वेळी नावही अस्तित्वात नव्हते. या विषयातील बहुतेक कायदेशीर गुंतागुंत येथूनच उद्भवते.

३. "आरोग्य" की "औषधोपचार"?

आता पहिले बंधन, पुराव्याचे. रोगाचे निदान वा उपचार करणारे उपकरण विकायचे, तर जगातील बहुतेक देशांत सरकारी परवाना लागतो आणि उपकरण सांगितलेले काम करते हे सिद्ध करावे लागते. भारतातही ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने, १ एप्रिल २०२० पासून, रोगाचे निदान, प्रतिबंध, देखरेख वा उपचार यांसाठी असलेली सर्व उपकरणे, संगणकीय आज्ञावलींसह, औषध कायद्याच्या कक्षेत आणली गेली. परंतु कक्षा ठरते ती उपकरणाच्या उद्दिष्टावरून, आणि ते उद्दिष्ट प्रथम जाहीर करतो तो निर्माता. अमेरिकेत तर, ज्या कमी धोक्याच्या वस्तू रोगाचे नाव न घेता केवळ सर्वसाधारण स्वास्थ्याची भाषा बोलतात, त्यांच्या वाटेला जाणार नाही, असे औषध प्रशासनाने आपल्या मार्गदर्शनपत्रात २०१६ पासून सांगितले आहे. परिणाम असा, की "स्मृतिभ्रंश ओळखतो" असे म्हटले तर परवाना हवा, आणि "स्मरणशक्तीवर लक्ष ठेवतो" असे म्हटले तर नको; विकत घेणाऱ्या मुलाच्या मनात मात्र दोन्ही वाक्यांनी वडिलांविषयीची तीच आशा आणि तीच धास्ती उत्पन्न होते.

ही धास्ती किती निराधार असू शकते, हे एका हिशेबाने पाहू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढील माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. १००० वृद्ध घेतले तर त्यांत ७४ रोगी आणि ९२६ निरोगी. आता १०० पैकी ९० वेळा बरोबर ठरणारे एक काल्पनिक यंत्र घ्यावे. ते ७४ रोग्यांपैकी सुमारे ६७ जणांना हेरील. पण ९२६ निरोग्यांपैकी सुमारे ९३ जणांनाही चुकून धोक्याचा इशारा देईल. एकूण इशारे १६०, आणि त्यांतील ९३ खोटे. म्हणजे ९० टक्के अचूक यंत्राने ज्यांना घाबरवले, त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे धडधाकट असतील. डॉक्टर अशा इशाऱ्यानंतर पुढच्या तपासण्या करून निकाल देतात. मोबाइलचा पडदा इशारा देऊन मोकळा होतो, आणि त्या घरातील वृद्धाकडे बँकेचे व्यवहार ठेवावे की नाहीत याची कुजबुज त्याच रात्री सुरू होते.

अवास्तव दाव्यांवर कायदा अगदीच हतबल आहे असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ल्युमॉसिटी या "मेंदूच्या व्यायामा"च्या खेळांवर कारवाई केली. वयानुसार होणारा बुद्धीचा ऱ्हास या खेळांनी लांबवता येतो, या दाव्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असे आयोगाचे म्हणणे होते, आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. आपल्याकडे तर १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात मेंदूचे रोग व विकार यांचा स्पष्ट उल्लेख असून, शरीराच्या कार्यावर परिणाम घडवण्यासाठी असलेल्या कोणत्याही वस्तूचा त्यातील "औषध" या व्याख्येत समावेश होतो. गंडेदोरे आणि धातुपुष्टीच्या पुड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेला तो कायदा, कपाळावर सौम्य वीजप्रवाह सोडून विकार बरा करण्याची जाहिरात करणाऱ्या पट्ट्यालाही लावता येण्याजोगा आहे. त्याच्या जोडीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तीच आगळीक केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. उणीव आहे ती कायद्यापेक्षा त्याची आठवण ठेवून तो वापरणाऱ्यांची.

४. चिलीतील निवाडा

दुसरे बंधन गुप्ततेचे. आणि त्याविषयीचा सर्वांत बोधप्रद निवाडा दक्षिण अमेरिकेतील चिलीने दिला आहे. त्या देशाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून, मेंदूतील क्रिया आणि तिच्यापासून मिळणारी माहिती यांना कायद्याने विशेष संरक्षण द्यावे, असे नमूद केले. "तिच्यापासून मिळणारी" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यांनी लहरींबरोबर अनुमानालाही संरक्षणाखाली घेतले.

या दुरुस्तीचे एक पुरस्कर्ते, माजी सिनेटर गिदो हिरार्दी यांनी इमोटिव्ह या अमेरिकी कंपनीचे "इन्साइट" नावाचे उपकरण विकत घेतले. कपाळावर दोन, कानांच्या वर दोन आणि डोक्याच्या मागच्या अंगाला एक, अशा पाच ठिकाणी ते स्पंदने टिपते. हिरार्दी यांनी खाते उघडले, अटी मान्य केल्या, उपकरण डोक्याला लावून नोंद केली, आणि ती नोंद कंपनीच्या दूरस्थ संगणकात जाऊन बसली. त्यांनी सशुल्क परवाना घेतला नसल्यामुळे स्वतःच्याच मेंदूची ती नोंद त्यांना उतरवून घेता येईना. आणि खाते बंद केले तरी संशोधनासाठी ती जपून ठेवण्याची मुभा कंपनीने अटींतच राखून ठेवली होती.

त्यांनी फिर्याद केली. कंपनीची कैफियत अशी होती, की ग्राहकाने अटींना संमती दिलेली आहे, नोंदीवरून नाव काढून टाकलेले आहे, आणि उपकरण वैद्यकीय नाही. खालच्या न्यायालयाने अर्ज नामंजूर केला. परंतु ९ ऑगस्ट २०२३ रोजी चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला लावायची, तर माणसाची स्वतंत्र आणि स्पष्ट संमती हवी, असे न्यायालयाने म्हटले; हिरार्दी यांची साठवलेली नोंद पुसून टाकण्याचा हुकूम दिला; आणि सार्वजनिक आरोग्य संस्था व जकात खाते यांनी या उपकरणाची तपासणी करावी असेही फर्मावले. या निकालाचे मर्म मला शेवटच्या कलमात दिसते. गुप्ततेचा दावा ऐकताना न्यायालयाने पुराव्याचाही प्रश्न विचारला. "आम्ही वैद्यकीय नाही" एवढ्या एका वाक्याने दोन्ही बंधनांतून सुटका होऊ दिली नाही.

५. संमती कशाला म्हणावी?

कंपनीचा मुख्य आधार संमती हा होता, म्हणून ती नीट पाहिली पाहिजे. उपकरण प्रथम सुरू करताना मोबाइलवर कित्येक पाने लांबीचा, बारीक अक्षरांतील इंग्रजी मजकूर येतो, त्याखाली एक बटण असते, आणि ते दाबल्यावाचून हजारो रुपये मोजून आणलेली वस्तू चालूच होत नाही. न्यूरोराइट्स फाउंडेशन या संस्थेने २०२४ साली ३० कंपन्यांचे असे करारनामे तपासले, तेव्हा त्यांतील २९ कंपन्यांनी ग्राहकाच्या मेंदूच्या नोंदीवर स्वतःचा प्रवेश जवळजवळ अनिर्बंध राखलेला आढळला.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या बाबतीत एक चांगले पाऊल टाकले आहे. संमती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली आणि बिनशर्त असावी, आणि तिच्याआधीची सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय असावी, असे तो सांगतो. कायद्यात दिलेले उदाहरणच पाहावे: दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने सल्ल्याबरोबर मोबाइलमधील लोकांचे क्रमांक पाहण्याचीही परवानगी मागितली आणि ग्राहकाने दोन्हींना होकार दिला, तरी सल्ला देण्यास क्रमांकांची गरज नसल्यामुळे होकार फक्त सल्ल्यापुरता धरला जाईल. हीच कसोटी पट्ट्याला लावली, तर झोप मोजण्यासाठी दिलेल्या संमतीवर जाहिरातदारासाठी स्वभावाचे अनुमान काढता येणार नाही.

परंतु या कायद्याला दोन उणिवा आहेत. २०११ च्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती "संवेदनशील" म्हणून निराळी काढली होती. नव्या कायद्यात असा वर्ग नाही, त्यामुळे मेंदूचा आलेख आणि किराणा मालाच्या दुकानातील खात्याचा तपशील यांना सर्वसाधारणपणे एकच नियम लागतो. दुसरे असे, की या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असले, तरी त्यांतील प्रमुख कर्तव्ये अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्येच मज्जातंतूंपासून मिळणाऱ्या माहितीला संवेदनशील म्हणून वेगळे संरक्षण दिले, आणि युनेस्कोने नोव्हेंबर २०२५ मध्ये या तंत्रज्ञानाच्या नीतिमत्तेविषयी सर्व सदस्य-राष्ट्रांसाठी शिफारस संमत केली.

६. ज्यांना नकार देता येत नाही

संमतीचा सारा विचार, माणसाला "नाही" म्हणता येते, या गृहीतावर उभा आहे. २०१९ साली चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर एकाग्रता मोजणारे पट्टे बांधले गेले. पट्ट्यावरील दिव्याचा रंग पाहून कोणाचे लक्ष आहे आणि कोणाचे नाही हे शिक्षकांना वर्गात उभ्या उभ्या कळावे, अशी ती योजना होती. लोकांत ओरड झाल्यावर त्याच वर्षी तो प्रयोग थांबवावा लागला. त्या वर्गातील आठ-नऊ वर्षांच्या मुलाने नकार कोणापाशी नोंदवायचा होता? आपल्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास सामान्यतः मनाई केली आहे, आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून शाळेत व कामाच्या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेने भावना ओळखण्यास, वैद्यकीय वा सुरक्षेचे कारण वगळता, बंदी घातली आहे. सुरक्षेचे कारण खरे असू शकते. ऑस्ट्रेलियात अवजड मालमोटारी आणि खाणींतील यंत्रे चालवणाऱ्यांचा थकवा मेंदूच्या लहरींवरून ओळखणारी टोपी वापरली जाते आणि तिने अपघात टळत असतील तर ते इष्टच आहे. मात्र तीच नोंद बढतीच्या वेळी वरिष्ठांच्या टेबलावर येणार नाही, याची हमी कराराने आणि कायद्याने दिली पाहिजे.

या बाबतीत भारताला, आणि विशेषतः महाराष्ट्राला, एक अनुभव गाठीशी आहे. डोक्यावर चकत्यांची टोपी चढवून, संशयिताला मुकाट बसवून, घटनेविषयीची "मी अमुक केले" अशा घाटाची वाक्ये त्याला ऐकवायची आणि मेंदूच्या प्रतिसादावरून त्याला त्या कृत्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे की नाही हे संगणकाने ठरवायचे, अशी एक चाचणी आपल्या देशात विकसित झाली. आणि २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात शिक्षा ठोठावताना तिच्या निष्कर्षाला वजन दिले. ती बातमी जगभर चर्चिली गेली. त्यानंतर ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संशयिताच्या इच्छेविरुद्ध करणे घटनाबाह्य ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये हा हक्क आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, असे दोन्ही आधार त्यासाठी घेतले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा हा पाया अधिकच पक्का झाला. खुनाचा आरोप असलेल्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचण्याची जी वाट आपण पोलिसांना बंद केली, ती निरपराध ग्राहकाच्या मेंदूपर्यंत विक्रेत्याला एका बटणावर खुली राहावी, हे न्यायाला धरून नाही.

७. मग जबाबदारी कोठे ठेवावी?

या उपकरणांवर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. मज्जाविकारतज्ज्ञ शंभर-शंभर मैल दूर असलेल्या तालुक्यांत, स्वस्त आणि प्रामाणिक ईईजीमुळे एखाद्या मुलाचा अपस्मार वेळीच ओळखला जाईल, ही आशा खरी आहे आणि तिच्या आड येणारा कायदा नको. जो हवा, त्यात चार गोष्टी असाव्यात. खोक्यावर "आरोग्य" लिहिले असो वा "उपचार", मेंदूविषयी केलेल्या प्रत्येक दाव्याचा पुरावा विक्रीपूर्वी दाखल व्हावा. लहरींवरून काढलेले अनुमानही त्या माणसाचेच मानले जावे, आणि नव्या अनुमानासाठी नवी संमती घ्यावी. शक्य तेथे आकडेमोड उपकरणातच होऊन मूळ नोंद घराबाहेर जाऊ नये. आणि कंपनीचे दिवाळे निघाले, तरी ही नोंद मालमत्ता म्हणून लिलावात निघू नये. मार्च २०२५ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांची आनुवंशिक माहिती आता कोणाच्या ताब्यात जाणार, हा प्रश्न अचानक उभा राहिला होता.

तोवर ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला आणि कंपनीला चार प्रश्न लेखी विचारावेत. हा आकडा कोणत्या वयाच्या आणि कोणत्या प्रकृतीच्या माणसांवर पडताळला आहे? माझी नोंद कोठे राहते? ती मला मिळते काय आणि माझ्या सांगण्यावरून पुसली जाते काय? यंत्राने खोटा इशारा दिला तर उत्तरदायी कोण? ज्यांना या प्रश्नांची उत्तरे देता येतात, त्यांचे उपकरण जरूर घ्यावे. ज्यांना देता येत नाहीत, त्यांना माणसाच्या मेंदूविषयी बोलण्याचा अधिकार अजून मिळालेला नाही, असे समजून ग्राहकाने, ग्राहक मंचाने आणि न्यायालयाने त्यांच्याशी वागावे.